नववा कांदा

पहिली नळी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी.
जांभळं झाकण, चार मिलिलिटर,
आठ वेळा उलटसुलट, हलक्या हाताने.
"एवढंच?" झिनोवी म्हणाला,
"आमच्याकडचे डास याहून जास्त नेतात."
वय एकोणऐंशी. गाव कोल्क्या, पेइप्सी सरोवराच्या काठी.
व्यवसाय विचारला तर म्हणाला, कांदे.
मी लिहिलं: निवृत्त.
त्याने वाकून वाचलं आणि मान हलवली.

पाच शब्द दिले लक्षात ठेवायला:
होडी, सुई, मामा, मीठ, पिवळा.
पाचही परत केले, वर सहावा दिला, सुटे नाहीत म्हणून.
शंभरातून सात-सात वजा करत गेला
तळघराच्या पायऱ्या उतरावा तसा,
दिवा न लावता.

दुसऱ्या दिवशी त्याचं हृदय त्र्याऐंशी मिनिटं थांबवलं.
यंत्राने रक्त बाहेर नेलं, फिरवलं, परत आणलं.
नवी झडप बसली. सर्जन खूश होते,
आणि त्यात काही खोटं नव्हतं.

दुसरी नळी चोवीस तासांनी.
तिसऱ्या रात्री त्याला छतावर बर्फ तडकताना ऐकू आलं.
घोडा वळवा, घोडा वळवा, म्हणत
त्याने हातातली सुई उपसून काढली.
चादरीवर सांडलं ते रक्त
कुठल्याच नळीत जमा झालं नाही.

आम्ही शोधतो तो एक धागा आहे.
मेंदूतल्या लांब तारांना आतून धरून ठेवतो.
तार फाटली की त्याचे तंतू वाहत वाहत
दंडातल्या शिरेपर्यंत येतात.
किती? मी एकदा रात्रपाळीत हिशेब केला:
अख्ख्या पेइप्सीत पंधरा पोती मीठ ओतायचं
आणि कुठल्याही काठावर चमचा बुडवून
चव सांगायची.
आमचं यंत्र सांगतं.

तिसऱ्या महिन्यात फेव्रोनिया बरोबर आली,
हनुवटीखाली टाचणीने घट्ट धरलेला रुमाल.
पाच शब्दांतले दोन आले. सुई, आणि थोड्या वेळाने, मामा.
शंभर, त्र्याण्णव, मग तो खिडकीकडे बघू लागला.
मी वाट पाहिली. नियमात बसते तेवढी.

त्याचा आकडा मला माहीत आहे.
आठवड्याने शिखरावर होता, आता उतरलाय;
आलेखावर तो जवळजवळ घरी पोचलाय.
पण संमतिपत्राचं चौथं पान म्हणतं
वैयक्तिक निष्कर्ष कळवले जाणार नाहीत,
आणि खाली तिचीही सही आहे, साक्षीदार म्हणून.

कॉरिडॉरमध्ये तिने माझी बाही धरली.
"त्या नळीत दिसतं का, हा परत येईल की नाही?"
मी म्हणाले, अभ्यास अजून चालू आहे.
ती म्हणाली, "माझाही."
आणि पिशवीतून कांद्यांची वेणी काढून दिली.
"त्यानेच विणली. हात नाही विसरले."
झिनोवी तेव्हा लिफ्टसमोर उभा होता,
बटण न दाबता.

वेणी माझ्या स्वयंपाकघरात टांगलीय,
पाचव्या मजल्यावर, नदीकडच्या खिडकीपाशी.
बारा कांदे, चपटे, तांबूस.
खालून आठव्यापर्यंत गाठी आवळून बसलेल्या, डावी उजवीवर.
नवव्यापासून उजवी डावीवर, जरा सैल,
आणि सुतळीवर जुन्या पिळांचे वळ.
कुणीतरी उसवून
पुन्हा विणलंय. रात्री बहुतेक, तो झोपल्यावर.

चार नळ्या फ्रीझरमध्ये आहेत, उणे ऐंशीला,
नाव नाही, फक्त पट्टी.
या गाठीसाठी फॉर्मवर रकाना नाही; मी शोधला.

आठ कांदे सूपमध्ये गेले.
नवव्यापाशी सुरी घेऊन गेले होते काल.
बाजारातून दुसरे आणले.